झऱ्यातलं हसू

चिमणीचं वय सत्तेचाळीस झालं होतं, पण आवाज काही वाढायला तयार नव्हता. फोनवर अनोळखी माणसं अजूनही "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" असं विचारायची, आणि ती "थांबा हं, बघते" म्हणून फोन बाजूला ठेवून आपल्या कामाला लागायची. डबिंगच्या स्टुडिओत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, सगळ्यांची ती चिमणीच. कार्टूनमधली ससुली, साबणाच्या जाहिरातीतला मुलगा, परदेशी मालिकेतली रडकी नात, सगळ्यांना आवाज तिचाच. नवरा म्हणायचा, "आमचं भांडण झालं की शेजाऱ्यांना वाटतं, मी कुणाच्या तरी पोराला ओरडतोय."

मास्तरांचा फोन आला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तर म्हणजे डबिंगचे दिग्दर्शक. बाविसाव्या वर्षी तिला पहिलं मोठं काम त्यांनी दिलं होतं, एकाच गोष्टीचे तीन जपानी ॲनिमेशनपट. मिठाच्या डोंगरांचा देश, तिथल्या मीठ फोडणाऱ्या मजुराची मुलगी, आणि तिला भेटणारा डोंगराचा राजा. ती मुलगी म्हणजे चिमणी.

"तिन्ही भाग पुन्हा पडद्यावर लागताहेत," मास्तर म्हणाले. "चित्र जपानवाल्यांनी धुऊनपुसून लख्ख केलंय. पण आपल्या आवाजाच्या टेपा गेल्या, बुरशी धरली. दुसऱ्या-तिसऱ्या भागातलं तुझं सगळं नव्याने घ्यावं लागेल. बाकीच्यांच्या जागी नवी माणसं घेतोय, म्हातारे झाले सगळे. तुझं बरं आहे, तुला देवाने फ्रिजमध्ये ठेवलंय."

चिमणीला आनंद झालाच, पण तिच्या लेकीला तिच्याहून जास्त झाला. लेक मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. लहानपणी ती या तीन चित्रपटांवरच वाढली होती. जेवताना तेच, ताप आला तरी तेच. चिमणी तेव्हा स्वयंपाकघरात असायची, आपलाच आवाज पाठीमागून ऐकत. पाठीला डोळे नसतात. आणि स्टुडिओत तर चित्रपट असा कधी पाहिलाच नव्हता. पुस्तकाएवढ्या पडद्यावर धुरकट चित्र यायचं, तेही तुकड्यातुकड्यांनी, आणि तिची नजर त्या मुलीच्या ओठांवर. ओठ कधी मिटतात, कधी उघडतात, एवढंच.

"आता नीट बघ," लेक म्हणाली. "रविवारी आपण दोघी सगळे भाग बघू. फोन आत ठेवायचा, आणि मधे उठून भांडी घासायची नाहीत."

रविवारी जेवणं झाल्यावर लेकीने पडदे ओढले. पहिला भाग संपला तेव्हा चिमणीने मोकळ्या मनाने कबूल केलं की हे माणसाच्या हातचं काम आहे यावर विश्वास बसत नाही. मिठाच्या कड्यावर उजाडायचं तेव्हा त्या पांढऱ्यात जांभळा, गुलाबी, जुन्या तांब्याचा असे रंग निघायचे. ढगांच्या सावल्या मेंढ्यांच्या कळपासारख्या उतारावरून सरकायच्या. मुलीचा दुधाचा दात पडतो आणि ती तो मिठात पुरते, या प्रसंगाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक पडद्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होती, पाहुण्याला आपलं घर दाखवावं तशी.

दुसऱ्या भागात झरा आला.

मिठाच्या गुहेत गरम पाण्याचा झरा असतो. मुलगी अंघोळीला उतरते. खडकाआड डोंगराचा राजा उभा असतो. राजा म्हणजे नऊशे वर्षांचा देव, पण काढलाय तिशीतला देखणा पुरुष. तो बघतो. तिला कळतं, ती पाण्यात दडते आणि हसते. बघणाऱ्याला मजा वाटावी म्हणून मागे गमतीचं संगीत. आणि हे सगळं लांबतच जातं. पाण्यावर पडलेला उजेड, वाफ, थेंब, सगळं इतक्या मन लावून काढलेलं, आणि चित्र काढणाऱ्याची नजर त्या खडकाआडच्या माणसाइतकीच रेंगाळणारी.

चिमणीच्या तोंडात आंबट पाणी आलं. ते हसू तिचं होतं. "गुदगुल्या झाल्यासारखं हस," असं मास्तर काचेपलीकडून म्हणाले होते. तिला फक्त ओठ दिसत होते, आणि ती हसली होती, पुनःपुन्हा, त्यांचं समाधान होईपर्यंत.

"थांबव," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हे असं आहे?"

"कसं?"

"मागच्या भागात हिचा दुधाचा दात पडला."

लेकीने एक सुस्कारा सोडला. हा मुद्दा तिला नवीन नव्हता हे त्या सुस्काऱ्यावरूनच कळत होतं. "आई, तो माणूस नाहीये. तो डोंगर आहे. निसर्ग आणि माणूस, असं आहे ते. प्रतीक."

"डोंगराला एवढी कोरीव हनुवटी कशाला लागते?"

"तू शेवटपर्यंत बघ तरी."

तिने शेवटपर्यंत पाहिलं. तिसऱ्या भागात देशातलं पाणी आटतं आणि पाणी परत मिळावं म्हणून बाप मुलीला डोंगराच्या राजाला देऊन टाकतो. मुलगी त्याचा हात धरते, मान खाली घालते आणि म्हणते, "मी आता तुमचीच." मग मिठाचे सगळे डोंगर विरघळून समुद्र होतात. जगभर नावाजलेलं दृश्य ते. त्याच्या एकेका लाटेवर लोकांनी लेख लिहिले होते. चिमणीला त्या लाटा दिसल्याच नाहीत. आपल्या घशातून निघालेला तो लाजरा आवाज तिला ऐकू येत राहिला, आणि ताटातल्या घासात केस निघावा तसं झालं. उठून ती मोरीत गेली, चूळ भरली, आणि पुन्हा भरली.

लेक दारात येऊन उभी राहिली. "जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या डोळ्यांनी बघायला हवी."

"तेव्हा काय डोळे वेगळ्या ठिकाणी असायचे?"

"मी या चित्रांमुळे चित्रकार झाले, आई. तुझ्या आवाजामुळे. तू त्यावर थुंकतेयस."

"चित्रं घाणेरडी असती तर मी हसून सोडून दिलं असतं," चिमणी म्हणाली. "इतके सोन्यासारखे हात, आणि ते असल्या कामाला लावले. मला त्याचीच शिसारी येते."

लेक आपल्या खोलीत निघून गेली. नवऱ्याने विचारलं, काय झालं. चिमणी म्हणाली, काही नाही, सिनेमा पाहिला.

काम नाकारावं असं तिच्या मनात आलं, पण शब्द दिला होता, आणि मास्तरांचे उपकार होते. जमेल तेवढं करू, असं म्हणून ती स्टुडिओत गेली. जागा तीच, फक्त भिंतीवरचा स्पंज नवा. पडदा आता चांगला मोठा होता. मास्तर आता काठी घेऊन चालायचे. तरी त्यांनी उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

सुरुवातीचं काम झरझर झालं. बापाला हाका, वादळातलं ओरडणं, मिठाची गाणी. रेकॉर्डिस्ट तरुण होता. तो काचेपलीकडून म्हणाला, "ताई, तुम्ही आणि जुना आवाज, फरकच कळत नाही."

मग झरा लागला. चिमणी माइकसमोर उभी राहिली. ओठ उघडले, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते हसू नव्हतं, कुणी पायावर पाय दिल्यावर निघावा तसा आवाज होता.

"कोरडं वाटतंय," मास्तर म्हणाले. "लाज हवी त्यात."

"कुणाला हवी, मास्तर?"

"म्हणजे?"

"त्या पोरीला नको असणार. मग कुणाला हवी?"

मास्तरांनी रेकॉर्डिस्टला थांबायची खूण केली आणि काठी टेकत आत आले. "चिमणे, चित्र त्यांनी काढलंय. गोष्ट त्यांची. आपण फक्त आवाज देतो. पोस्टमन पत्र वाचत नाही."

"मी रविवारी वाचलं."

"एवढी वर्षं झाली, कुणी तक्रार केली नाही. आयांनी आपली पोरं मांडीवर घेऊन पाहिलंय हे."

"माझ्याच घरात पाहिलंय. मी कांदा चिरत होते."

ते थोडं हसले, ती हसली नाही. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला कधी एका शब्दानेही दुखवलं नव्हतं, कधी दार लावून तिच्याशी बोलले नव्हते. त्यामुळेच तिला जास्त कसंसं होत होतं. एखादा गलिच्छ माणूस असता तर किळस त्याच्या अंगावर टाकून ती मोकळी झाली असती. इथे सगळे भलेच होते आणि घाण मधे तशीच होती.

"बरं, हे राहू दे. आधी शेवटचं वाक्य घेऊ," मास्तर म्हणाले आणि बाहेर गेले.

पडद्यावर मुलीने हात धरला, मान खाली घातली. मुलीचे ओठ एकदा मिटले, उघडले, पुन्हा मिटले. इतकी वर्षं ओठ वाचणाऱ्या चिमणीला त्या मिटण्या-उघडण्यात दुसरंच वाक्य बसताना दिसलं. ती म्हणाली, "मला घरी पाठवा."

लाजून नाही, रडूनही नाही. दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला गेलेली पोर संध्याकाळी म्हणते तसं.

रेकॉर्डिस्टला वाटलं, वाक्य बदललं असेल. त्याने सवयीने मागे जाऊन चित्रासकट वाजवलं. "मी" च्या जागी "म" बसला, "तुमचीच" मधल्या "म" च्या जागी "पा" बसला, शेवटचा "वा" तेवढा जरा उघडा पडत होता. पण आता पडद्यावरची मुलगी त्या पुरुषाचा हात धरून खाली मान घालून घरी जायचं म्हणत होती, तो प्रेमाने तिच्याकडे बघत होता, आणि मागे बाप हात जोडून उभा होता. एक रेघ बदलली नव्हती. रेकॉर्डिस्टचा हात बटणावर तसाच राहिला. "बाप रे," तो हळूच म्हणाला.

मास्तरांनी हात पुढे करून पडदा बंद केला. मग म्हणाले, "पुसून टाक ते."

"मास्तर, तुम्ही पाहिलंत ना," चिमणी म्हणाली.

"पाहिलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे त्यांना पाठवता येणार नाही. तुला मूळ वाक्य म्हणायचंय का?"

"नाही."

"मग घरी जा तू. मी बघतो काय ते."

त्यांनी तिला दारापर्यंत सोडलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडी शरम होती. काम मात्र थांबणार नव्हतं, हेही त्याच चेहऱ्यावर होतं.

आणि ते थांबलं नाहीच. घरोघरी गेलेल्या जुन्या डिस्कमधून त्यांनी झऱ्यातलं हसू आणि शेवटचं वाक्य तेवढं उचललं, यंत्राने खरखर काढली, आणि नव्या आवाजात बेमालूम जोडून दिलं. बाविसाव्या वर्षीची चिमणी हसली, सत्तेचाळिसाव्या वर्षीच्या चिमणीला कुणी विचारलं नाही. हे तिला रेकॉर्डिस्टने फोन करून सांगितलं. "ताई, तुम्हाला माहीत असावं म्हणून," एवढंच म्हणाला.

चित्रपट लागले आणि धो धो चालले. लेक मैत्रिणींबरोबर दुसरा भाग बघून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. चिमणीने विचारलं नाही. थोड्या वेळाने लेकच म्हणाली, "झऱ्याच्या वेळी सगळं थिएटर हसलं."

"बरं."

"मी पण हसले. सवयीने. आणि मग एवढ्या मोठ्याने तुझा आवाज आला ना, सगळीकडून, मागून, वरून. माझं हसू तोंडातच राहिलं." ती थांबली. "पण पाणी काय काढलंय, आई. मला अजून तसं जमत नाही."

"तिसरा भाग बघणार आहेस?"

"तिकिटं काढलीत," लेक म्हणाली, आणि चपला काढायला उठली.

त्याच आठवड्यात चिमणी घशाच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेली. तिने दुकानदाराकडे गोळ्या मागितल्या, तसा शेजारचा गृहस्थ वळून बघायला लागला. इस्त्रीचा शर्ट, हातात आईच्या किंवा वडिलांच्या औषधांची पिशवी, चांगल्या घरातला वाटावा असा.

"माफ करा," तो म्हणाला, "तुम्ही त्या मिठाच्या डोंगरांच्या सिनेमातल्या का? मुलीचा आवाज?"

"हो."

"कालच पुन्हा पाहिला. आमचं बालपण आहे हो ते." त्याने खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंग चालू करून तिच्यासमोर धरला. "ते झऱ्यातलं हसू करून दाखवाल? एकदाच. मित्रांना पाठवतो."

दुकानदारही कौतुकाने पुढे वाकला. चिमणी एक पाऊल मागे सरकली. तिने आवाज जमेल तितका खाली ओढला, छातीतून, पोटातून. "नाही."

"असं काय करता, एकदाच."

"नाही म्हटलं ना."

पण तो घसा जन्मात खाली उतरला नव्हता. दुकानात जे उमटलं ते हट्टाला पेटलेल्या लहान मुलीचं "नाही" होतं, बारीक, लखलखीत. त्या गृहस्थाचा चेहरा आनंदाने उजळला.

"अगदी तश्शीच," तो म्हणाला, आणि फोनवर ते पुन्हा लावून ऐकू लागला.

चिमणीने गोळ्यांचं पाकीट उचललं आणि बाहेर आली. कोपऱ्यापर्यंत गेली, तोंडात जमलेलं गटाराच्या कडेला थुंकली, रुमालाने ओठ पुसले आणि घराच्या दिशेने चालू लागली.