गिरजाबाईंचा अडुळशाचा खलबत्ता

मित्रांनो, मी एक जुना पितळी खलबत्ता आहे. भंडाऱ्यात वितळलेले पितळ साच्यात ओतून मला घडवले. १९७४ साली करडी गावच्या गिरजाबाईंनी मला बाजारातून घरी आणले.

त्यांच्या परसात अडुळसा होता. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, राबून कुणाला खोकला धरला की तो आमच्याकडे येई. गिरजाबाई पाला माझ्यात कुटून रस काढत आणि मधातून चाटवत. छातीतला कफ सुटे, झोप लागे. "गिरजाबाईच्या खलबत्त्यात जादू हाय," असे लोक म्हणत आणि मी ऐटीत चमके.

एका हिवाळ्यात शेजारच्या रंभाबाई घाईने आल्या. त्यांची सून कुंता कितीतरी दिवस खोकत होती. संध्याकाळी तिला तापही भरे.

"गिरजा, कुंताले अडुळसा कुटून दे वो."

"तिले दिवस गेले हायेत ना? मंग मी नाही देत. पोटातल्या लेकराले अपाय होईन."

"पाला तं हाय! पाल्यानं का होते?"

"पाल्यानं गुण येते, मंग अपाय काहून नाही होनार?"

रंभाबाई रागावल्या. "तू नाही कुटत तं मी कुटते," म्हणत त्यांनी मला ओढले. गिरजाबाईंनी माझ्या तोंडावर तळहात दाबून धरला. "भाव खाऊन राहिली!" रंभाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

गिरजाबाईंनी लुगड्याचा पदर खोचला. "चाल, कुंताले भंडाऱ्याले नेऊ. मी बी येते."

तिघी एसटीने दवाखान्यात गेल्या. तिथे काय झाले ते मी त्या परतल्यावर ऐकले. कुंताला क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. घरीच काढे देत बसला असता, तर दोघांनाही धोका होता." गोळ्या सुरू झाल्या. पुढे कुंताला मुलगी झाली. रंभाबाई तिला घेऊन आमच्या ओट्यावर आल्या आणि गिरजाबाईंच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घे, तुहीच नात हाय."

आता घरात मिक्सर आला आहे. मी फळीवर बसून असतो, माझे पितळ काळवंडले आहे. तरी मान ताठ आहे. माझ्यात कुटलेल्या औषधाने कितीजण बरे झाले. पण मी रिकामा राहिलो त्या दिवसाचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो.

मित्रांनो, झाडपाल्याचे औषध जरूर मानाने घ्या. मात्र तान्हे मूल, गरोदर बाई किंवा न हटणारा खोकला असेल, तर कुटण्याआधी डॉक्टरांना विचारा. तेवढा वेळ मी खुशाल थांबेन.