ओव्हनमधल्या फिंगर चिप्स

दाताखाली कुर्रर्र आवाज झाला आणि शिवदासरावांच्या मनात पाल चुकचुकली.

हार्टचा झटका येऊन गेल्यापासून घाटकोपरच्या त्या घरात तळण बंद होतं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. आणि ह्यांचा जीव अडकलेला उडप्याकडच्या फिंगर चिप्समध्ये! शेवटी बायकोने, वनमालाबाईंनी, बहिणीचा अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला आणि बटाट्याच्या, रताळ्याच्या सळ्या त्यात भाजायला घेतल्या. आधीच्या मऊ पडल्या, मग काही करपल्या. आणि एके दिवशी एकदम अशा झाल्या की उडप्यानेही तोंडात बोटं घालावीत.

ओव्हनमध्ये असं होतं होय? त्या करताना बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. त्यात मागच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावलं होतं, आणि ती तोंड पाडून बाहेर आली होती.

शिवदासरावांना वडील आठवले. वैद्याने हात टेकले तेव्हा आईने पथ्यपाणी गुंडाळून वडिलांपुढे गरम भजी ठेवली होती. जाणाऱ्याची वासना मागे राहू नये, ही गावची रीतच. म्हणजे आपलीही पाळी आली, आणि ही बाई दाराआड तळून घालतेय! पण विचारलं आणि ती रडली तर सगळंच संपलं. ते मुकाट बशी रिकामी करायचे.

रविवारी दुपारी मात्र त्यांना राहवेना. त्यांनी दार ढकललं.

"अहो, हळू! प्लग दाराच्या मागे आहे, दार उघडलं की दबतो. म्हणून तर लावून घेते ना."

कढई फळीवर कोरडी ठणठणीत होती. ओट्यावर ताटलीत रवा होता.

"रवा कशाला?"

"बांगड्याला लावतो तसा. सळ्या जरा उकडायच्या, फडक्यावर कोरड्या करायच्या, चमचाभर तेल चोळून रव्यात घोळवायच्या. मग होतात कुरकुरीत."

"आणि डॉक्टर तुला आत काय म्हणाले?"

"मीठ कमी करा म्हणाले. तुम्हाला कळलं तर जेवण टाकाल, म्हणून न सांगता मिठाऐवजी लिंबू पिळते."

शिवदासरावांना इतकं हलकं वाटलं की ते स्टुलावर बसून हसायलाच लागले. हसता हसता त्यांनी वडील, भजी, वैद्य, सगळं सांगून टाकलं.

वनमालाबाई हसल्या नाहीत. "म्हणजे इतके दिवस तळलेलं समजून खाल्लंत?"

"अगं, मला वाटलं तूच देतेयस..."

"मरायचंच आहे असं धरून बसलात. मला एकदा विचारावंसं नाही वाटलं? मागे कोण राहणार होतं?"

त्यांचं हसू आटलं. आपण गेल्यावर ही या घरात एकटी कशी राहील, हे इतक्या दिवसांत त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.