बांगड्याचा कागद

"जनावर कुठाय?" कंपाउंडरने विचारलं.

"नाय हाय," आवडाबाई म्हणाली.

"मग नंबर कशाला लावताय?"

"डॉक्टरांशी बोलायचाय."

कंपाउंडरने उचललेलं पेन खाली ठेवलं. बाकावर एका बाजूला भलामोठा कुत्रा घेऊन बसलेला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबडा घेऊन आलेली बाई. आवडाबाई मांडीवर पर्स धरून त्यांच्या मधे बसली. अंगावर अजून हॉस्पिटलची आकाशी साडी होती. सात ते तीनची ड्युटी संपवून ती थेट इथे आली होती.

"नाव तरी सांगा."

"आवडा शिवा मयेकर, भाट्ये. तुमच्या वहीत मांजराचं नाव असेल. बांगडा."

आठ दिवसांपूर्वी हे नाव लिहिताना हाच कंपाउंडर हसला होता. आज तो हसला नाही.

बांगडा हे नाव शिवाने ठेवलेलं. बोक्याच्या पाठीवर बांगडा माशासारखेच काळे आडवे पट्टे होते. शिवाने तीस वर्षं ट्रॉलरवर काढली, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तो घरी बसला. मुलगी लग्न होऊन गेलेली, बायको दिवसभर रत्नागिरीत ड्युटीवर. घरात बोलायला उरला तो बोकाच. दुपारी बारा वाजता दोघं बरोबर जेवायचे. आवडाबाई घरी आली की शिवा सांगायचा, आज बांगड्याने अमुक केलं, आज तो तमक्याच्या कौलांवर चढून बसला. स्वतःबद्दल तो काही सांगायचा नाही. ते त्यातच येऊन जायचं.

त्या सोमवारी सकाळी आवडाबाईने परसात पाहिलं. बांगडा रेतीच्या ढिगावर उकरायचा, बसायचा, कुंथायचा, उठायचा आणि दोन पावलांवर पुन्हा उकरायचा. तिने जाऊन रेतीत बोट घातलं. कोरडी. ड्युटीवरून परत आली तेव्हाही तो तिथेच होता आणि रेती तशीच कोरडी होती. तिने पदर खोचला, त्याला बाजाराच्या पिशवीत घातलं आणि शिवाच्या पुतण्याला, भावेशला, रिक्षा काढायला सांगितली.

डॉक्टर सुजय नाटेकर तरुण होते, बोलायला चांगले. त्या संध्याकाळी दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. टेबलावर ठेवल्याबरोबर बांगडा गुरगुरला. डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि लांबूनच पाहिलं.

"जोर करतोय म्हणजे पोट साफ होत नाहीये. बद्धकोष्ठ आहे."

"डॉक्टर, शी नव्हे. लघवी होत नाय त्याची. सकाळपासून रेती कोरडी हाय."

"मांजरं कुठंकुठं करून येतात, काकी. तुमच्या लक्षात आलं नसेल."

आवडाबाईने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांसमोर तोंड मिटायची तिला चोवीस वर्षांची सवय होती.

ती वॉर्डातली आया. लघवीच्या पिशव्या रिकाम्या करायच्या, त्याआधी पिशवीवरच्या रेघा बघून किती झाली ते सिस्टरला सांगायचं. सिस्टर ते चार्टवर लिहिणार. आकडा तिचा, अक्षर सिस्टरचं. किती झाली की माणूस सुधारतोय आणि किती झाली नाही की नातेवाइकांना बोलावून घ्यावं लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण कळायचं. फक्त ते तिने बोलून दाखवावं अशी कुणाची अपेक्षा नसायची. डॉक्टर राउंडला आले की आयाने भिंतीला लागून उभं राहायचं.

ती सिरप घेऊन घरी आली. मंगळवारी बांगड्याने सिरप ओकून टाकलं. बुधवारी सकाळी तो चुलीजवळ आडवा पडला होता. आवडाबाई क्षणभर थांबली आणि ड्युटीवर गेली, कारण बदली कुणी नव्हतं. दहा वाजता शिवाचा फोन आला.

"उठत नाय गो तो."

कुणीतरी सांगितलं म्हणून भावेशने शिवाला आणि बांगड्याला घेऊन रिक्षा हातखंब्याला नेली. तिथे एक निवृत्त सरकारी डॉक्टर घरीच जनावरं बघायचे. आवडाबाई अर्धी रजा टाकून मागून पोचली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी बांगड्याच्या पोटाखाली एक हात घातला आणि लगेच म्हणाले, "लघवी तुंबलीय. दोन दिवस तरी झाले असणार." त्यांनी बारीक नळी घालून पाहिली, ती आत जाईना. सुई दिली, छाती चोळली. पण विष अंगभर पसरलं होतं. पाऊण वाजता बांगडा गेला.

आवडाबाईने स्वतः हात लावून पाहिलं. मोठ्या लिंबाएवढा टणक गोळा अजून हाताला लागत होता. एवढा, की शोधावा लागू नये.

"पहिल्याच दिवशी आणला असता तर?" शिवाने विचारलं.

"बहुतेक जगला असता," डॉक्टर म्हणाले. "जगलाच असता, असं नाही म्हणणार मी."

परतताना रिक्षात शिवा बाहेर बघतच म्हणाला, "तुला म्हायती होता. चोवीस वर्षं तेच करतेस ना तू? मग गप का बसलीस?"

बांगड्याला परसात पुरलं. त्या दिवसापासून शिवा तिच्याबरोबर जेवायला बसेना. रात्री ती पानावर यायच्या आत जेवून, ताट घासून, पडवीत समुद्राकडे तोंड करून बसलेला असायचा.

भावेशला राग आला होता. "काकी, गूगलवर एक स्टार देतो त्याला. फोटो टाकतो बांगड्याचा. दुकान बंद होईल त्याचा."

"त्याचा दुकान बंद होऊन माझा काय होणाराय? इथं मांजराला हात लावणारे डॉक्टर आहेत किती?"

"मग सोडून देणार?"

आवडाबाईने पर्समधून केसपेपर काढला. त्यावर बांगड्याचं नाव होतं आणि खाली इंग्रजीत एक शब्द. तो तिने हॉस्पिटलातल्या सिस्टरकडून वाचून घेतला होता.

"ह्यावर बद्धकोष्ठ लिहिलाय. तो खोटा हाय. ज्याने लिहिला त्यानेच बदलायचा."

म्हणून ती आज बाकावर बसली होती. कुत्रा गेला, कोंबडा गेला, मग तिचा नंबर आला.

डॉक्टर नाटेकरांनी तिला लगेच ओळखलं नाही. तिने केसपेपर पुढे ठेवला आणि हातखंब्याला काय झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. रोज सिस्टरला जसं सांगते, तसंच: किती वाजता काय झालं, मग काय झालं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "वाईट झालं, काकी. पण मांजरांमध्ये हे ओळखणं अवघड असतं. सांगता येत नाही."

"सांगता येत होता. मी सांगितला होता."

"तुम्ही भावनेच्या भरात..."

"मी रडायला नाय आली, डॉक्टर. हा कागद दुरुस्त करा. आमच्याकडे चार्टवर चुकीचा आकडा पडला तर खोडरबर चालत नाय. एक रेघ मारायची, खरा काय तो वर लिहायचा आणि सही करायची."

"तसं नसतं करता येत. कायदेशीर भानगडी होतात." त्यांनी दरवाजाकडे पाहिलं. "बाहेर पेशंट थांबलेत."

"ठीक हाय," ती उठली. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती बाकावर होती. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं नाही. सहा वाजेपर्यंत ती बसून राहिली. लोक विचारायचे, तुमचं काय आणलंय, आणि ती सांगायची, "आमचा बोका होता. त्याच्या कागदाचं काम हाय." यापलीकडे ती एक शब्द बोलली नाही. दवाखाना कसा आहे असं एकाने विचारलं तर म्हणाली, "कुत्र्यांना चांगला बघतात." सहाला उठली आणि भाट्याची गाडी पकडली.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात सावर्ड्याची दीपाली म्हणून एक पोरगी होती. आदल्या संध्याकाळी सिझर झालेलं, नळी लावलेली. सातला आवडाबाईने पिशवी रिकामी केली होती. साडेनऊला पाहिलं तर तळाशी नुसती ओल. नळी कुठे वळलीय का, अंगाखाली दाबली गेलीय का, ते तिने वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपून पाहिलं. नळी सरळ होती. मग ती योगिनी सिस्टरकडे गेली.

"पाच नंबरची लघवी थांबलीय, सिस्टर."

"पाणी कमी प्यायली असेल. सलाईन संपत आलं की बघते." सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होती. वाईट मुलगी नव्हती. चाळीस पेशंटमागे दोघीच होत्या.

आवडाबाई वळली. तीन पावलं गेली. मग परत येऊन ट्रॉलीसमोर उभी राहिली.

"सलाईन चांगला चाललाय. नळी मी बघितली, वळलेली नाय. तिचा पोट खालच्या बाजूला दुखतोय आणि तो टाक्यांचा दुखणा नाय. तुम्ही येऊन हात लावून बघा."

"मावशी, मला ही औषधं..."

"मी इथंच उभी हाय."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. या बाईला तिने चार वर्षांत कधी असं समोर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ती नेहमी जाता-जाता बोलायची. सिस्टर आली, पोटाला हात लावला आणि लगेच डॉक्टरांना फोन केला. नळीत रक्ताची गाठ अडकली होती. नळी बदलली तशी पिशवी भरू लागली. दीपाली घामेजल्या चेहऱ्याने म्हणाली, "मावशी, हलकं वाटलं गो," आणि झोपली.

आवडाबाई स्वच्छतागृहात जाऊन दार लावून उभी राहिली. बांगडा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. चार-पाच मिनिटं, पदर तोंडात धरून. हे इतकं सोपं होतं. नुसतं परत वळून उभं राहायचं होतं. मग तिने तोंड धुतलं आणि सहा नंबरची पिशवी रिकामी केली.

त्या दिवशी दवाखान्यात ती बसायच्या आधीच डॉक्टर दरवाजात आले. "या काकी. आत या."

त्यांनी दार लावून घेतलं. टेबलावर एक जाड पुस्तक उघडं होतं. डॉक्टर खुर्चीत बसले नाहीत.

"तुम्ही रोज येणार आहात का?"

"होय. रिटायर व्हायला मला अजून दोन वर्षं आहेत. तोवर ड्युटीवरून इकडूनच जाते."

डॉक्टर थोडं हसायला गेले आणि जमलं नाही. "मी हातखंब्याला फोन केला होता काल. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. काही बोलले नाहीत मला. फक्त विचारलं, पोटाला हात लावला होतास का." नाटेकरांनी पुस्तक मिटलं. "नव्हता लावला. तो चावेल असं वाटलं. शिवाय बाहेर गर्दी होती. आणि खरं सांगायचं तर तुम्ही सांगितलेलं मी ऐकलंच नव्हतं. म्हणजे कानावर पडलं होतं."

"मीपण एकदाच बोल्ली," आवडाबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा बोलायला हवी होती. तो माझा चुकला. तो मी कुठं लिहिणार? माझा कागद नाय. तुमचा हाय."

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिने केसपेपर दिला. त्यांनी त्या इंग्रजी शब्दावर एक सरळ रेघ मारली. पेन थोडा वेळ हवेत राहिलं.

"मराठीत लिहा," ती म्हणाली. "घरी वाचून दाखवायचाय."

त्यांनी लिहिलं. सही केली, खाली तारीख घातली. कागद देताना म्हणाले, "हा तुम्ही कुणालाही दाखवू शकता. मी नाही म्हणणार नाही."

"एकालाच दाखवायचाय."

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. शिवा पडवीत होता. तिने चपला काढल्या, हातपाय न धुताच त्याच्यासमोर खाली बसली आणि कागद उलगडला. शिवाचा चष्मा आत होता, म्हणून तिनेच वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई. एकेक शब्द सुटा करून वाचायची.

"मांजराची लघवी तुंबली होती. मालकिणीने लघवी होत नसल्याचे सांगितले होते. मी पोट तपासले नाही. निदान चुकले."

समोर भरतीचं पाणी पुळणीवर चढत होतं.

"परत वाच," तो म्हणाला.

तिने परत वाचलं.

"त्याने हाताने लिहिला हा?"

"होय. माझ्यासमोर."

"तू सांगितला होतास, ह्याच्यात हाय?"

"हाय."

शिवाने गुडघ्यावर हात दाबला. "मी तुला रिक्षात बोललो तो..."

"तो खराच होता. मी गप बसली."

"अर्धाच खरा होता," शिवा म्हणाला. "उरलेला त्याचा होता. मी सगळाच तुझ्यावर टाकला."

तो खांबाला धरून उठला, सावकाश आत गेला. भांड्यांचा आवाज झाला. आवडाबाई मोरीवर हातपाय धुऊन आली तेव्हा स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले होते आणि शिवा वाकून ताटं वाढत होता. इतक्या वर्षांत त्याने कधी हे केलं नव्हतं. भात वाटीत दाबून त्याने तिच्या ताटात उपडा केला, तो सगळा विस्कटून पसरला. तो तसाच बघत उभा राहिला.

"बसा तुमी," ती म्हणाली, आणि त्या पसरलेल्या भातावर तिने कालवण ओतून घेतलं.