गोडाला भुललेली काच

मी एक काचेची चिप बोलतेय. पोस्टाच्या तिकिटाएवढी आहे मी. माझ्या अंगात केसाहून बारीक, नागमोडी वाटा कोरल्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर शेंगेच्या बियांतून काढलेलं एक प्रथिन बसवलं आहे. हे प्रथिन साखर ओळखतं. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेची झूल असते. कर्करोगाच्या पेशीची जरा वेगळी. रक्तातून भटकणारी अशी पेशी जवळून गेली, की मी तिचा पदर धरते. बाकीच्यांना वाट देते.

मला घडवलं प्रयोगशाळेतल्या ताईने. मला उचलतानाही ती श्वास रोखून धरायची.

पहिलं खरं रक्त आलं ते काकूंचं. काकू शाळेची बस चालवायच्या. त्यांची कर्करोगाची गाठ काढून झाली होती, पण एखादी चुकार पेशी रक्तात उरली आहे का, ते कळायला हवं होतं. पुढचे उपचार त्यावर ठरणार होते.

"नीट बघ हो पोरी," काकू ताईला म्हणाल्या. "सीटखाली झोपलेलं पोरसुद्धा मी सोडत नाही."

मी जीव तोडून काम केलं. काहीच सापडलं नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख, ताईचे सर, खूश झाले, डॉक्टरांना कळवून टाक म्हणाले. ताई मात्र खुर्चीतून उठेना; तिला खात्री करून घ्यायची होती. तिने दुसऱ्या, निरोगी रक्तात कर्करोगाच्या पेशी मुद्दाम मिसळल्या आणि माझ्यातून सोडल्या. त्याही माझ्या डोळ्यांदेखत निसटल्या! मी शरमेने अर्धी झाले. माझे सगळे हात भरलेले होते, पण सांगणार कशी?

चिपच कुचकामी निघाली, असं सरांचं मत पडलं.

"सर, तिला दोष देण्याआधी आपण तिला काय पाजलं ते बघू या," ताई हळूच म्हणाली.

रक्त पातळ करायला तिने पेशींचा पोषक द्रव वापरला होता. पेशी उपाशी राहू नयेत, ही तिची माया. त्या द्रवात साखर होती. ती मोकळी साखर आधी येऊन माझ्या प्रथिनाला बिलगली. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर घरचीच मंडळी बसावीत, तसं झालं.

"अति लाडाने पोर बिघडतं," सर हसत म्हणाले, "तू चिप बिघडवलीस."

ताईने मला धुतलं, साखर नसलेला द्रव घेतला आणि काकूंना परत बोलावलं. या वेळी मी चार पेशी पकडल्या. घट्ट! मग मुद्दाम साखर पाजून ताईने त्या अलगद सोडवून घेतल्या. त्या तपासून डॉक्टरांनी औषध निवडलं.

उपचार संपल्यावर काकूंचं रक्त पुन्हा आलं. आधी ताईने मिसळलेल्या पेशी पकडून मी माझी परीक्षा दिली. मग मला स्वच्छ धुऊन झाल्यावर काकूंचं रक्त वाहू लागलं. मी डोळ्यांत तेल घालून बसले. एकही नाही. हे शून्य खरं होतं. डॉक्टरांच्या बाकी तपासण्याही तेच म्हणाल्या.

ताईने काकूंना फोन लावला. निकाल सांगितला. पलीकडून आवाज आला, "सोमवारपासून पुन्हा बस चालवते. पोरांना सांगते, आता उशीर केलात तर बस थांबायची नाही."

ताई रडत रडत हसली.

आज टेबलावर माझ्या बहिणी रांगेने तयार होताहेत. आमची भेट घ्यायची वेळ कोणावर न येवो. आलीच, तर घाबरून घरी बसू नका. थोडं रक्त द्या, एवढंच मागते. आमचे हात रिकामे राहण्यात केवढा विजय असतो, ते मी पाहिलं आहे.