बोटभर वर

मित्रांनो, मी सायकलची एक जुनी सीट आहे. हसू नका. सायकलचा विषय निघाला की चाकांचं कौतुक होतं, घंटीचं होतं, आरशाचंसुद्धा होतं. मी दिवसभर माणसाचा भार वाहते, आणि माझ्याकडे मात्र जो तो पाठ करूनच बसतो. तक्रार नाही हो, माझं कामच तसं आहे. पण माणसाला समोरून ओळखणारे पुष्कळ असतात, खालून ओळखणारी मी एकटीच. माणूस दमला आहे, घाबरला आहे की नुसताच आळसावला आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून समजतं. म्हणून आज तुम्हाला एका बाईंची गोष्ट सांगावीशी वाटते. माझी गोष्ट तिच्यात ओघानं येईलच.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका कारागिरानं जाड चामडं पाण्यात भिजवलं, साच्यावर ताणलं, आणि कडेनं तांब्याचे गोल खिळे ठोकून मला लोखंडी सांगाड्यावर बसवलं. नवी असताना मी फार कडक होते. चामड्याची सीट बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे हळूहळू वळते, तेवढा धीर मात्र बसणाऱ्याला हवा. माझा पहिला मालक शर्यतीचा शौकीन होता आणि धीर हा शब्द त्याच्या गावीही नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला शिव्या घातल्या. मग पावसात उघडी टाकली. मी भिजून सैल पडले, तशी मला काढून त्यानं एक फुगीर, मऊ सीट बसवली आणि माझी रवानगी सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या खोक्यात झाली. तिथे झिजलेले ब्रेकचे रबर आणि तुटक्या साखळ्या यांच्या संगतीत मी किती काळ काढला, मला आठवत नाही. आठवावं असं काही त्यात नव्हतंही.

एके दिवशी दुकानात एक बाई आल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगानं ठेंगण्या, खांद्यावर मोठी पिशवी. त्या केस कापायचं काम करत. आधी एका सलूनमध्ये होत्या. तिथे नेहमी येणारी काही म्हातारी माणसं एकेक करून यायची थांबली. कुणाचा पाय मोडला होता, कुणी अंथरुणाला खिळलं होतं. बाईंनी विचार केला, त्यांना येता येत नाही तर आपण जाऊ. त्यांनी सलून सोडलं आणि कात्री, कंगवा, चादर, हातआरसा पिशवीत घालून त्या घरोघरी जायला लागल्या. लोक त्यांना कात्रीताई म्हणू लागले. पण बसची वाट बघण्यातच त्यांचा अर्धा दिवस जाई, आणि बस काही गल्लीबोळात शिरत नाही. म्हणून कात्रीताईंनी जुनी सायकल घ्यायचं ठरवलं. गंमत म्हणजे तेव्हा त्यांना सायकल चालवता येत नव्हती.

दुकानदारानं त्यांना दाखवलेल्या सायकलला सीटच नव्हती. त्यानं खोक्यात हात घालून मला बाहेर काढलं, पुसलं, तेल चोळलं आणि खालचा नट आवळून माझं सैल पडलेलं चामडं ताणलं. "जुनी आहे, पण एकदा जमली की जन्माची जमली," तो म्हणाला. "माझंही तसंच आहे," कात्रीताई म्हणाल्या. मला ही बाई तिथेच आवडली.

सायकल शिकताना त्यांनी काय हाल सोसले! इमारतीच्या मागच्या अंगणात रोज सकाळी सराव चाले. बघ्यांना काय, फुकटची करमणूक. त्या पडत, उठत, कपडे झटकत आणि पुन्हा माझ्यावर बसत. सायकल धरायला त्यांचे यजमान असत. ते लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचे. लिफ्ट वरून खाली कोसळू नये, यातच त्यांची सारी हयात गेली. त्यामुळे काळजी करणं हा त्यांचा धंदाही होता आणि स्वभावही. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल पडेल म्हणून त्याला दोन चिमटे जास्त लावणारा तो माणूस. बायको डुगडुगत निघाली की हे तिच्यामागे दोन्ही हात पसरून धावत.

शेवटी त्या शिकल्या, आणि अशा शिकल्या की मी थक्क झाले. रोज निघताना अंगठ्यानं दोन्ही टायर दाबून हवा बघायची. दोन्ही ब्रेक दाबून पाहायचे. पँटचा पाय साखळीत अडकू नये म्हणून त्या केसांचा चिमटा लावत. कुलूप नुसतं चाकाला न लावता चाक आणि सायकलचा दांडा दोन्हींत घालून रेलिंगला लावत. उभ्या मोटारींच्या अगदी कडेनं कधी जात नसत. आत बसलेला माणूस अचानक दार उघडतो, हे त्या एकदाच धडपडून शिकल्या होत्या. आणि बाहेर सायकल लावली की माझ्यावर केस रंगवताना घालतात ती प्लास्टिकची टोपी चढवत, म्हणजे पाऊस आला तरी मी कोरडी. येणारेजाणारे हसायचे. मला मात्र फार मिरवल्यासारखं वाटे. पहिल्या मालकानं मला पावसात टाकलं होतं, आणि या बाई मला टोपी घालत होत्या.

हेल्मेटमुळे त्यांचे स्वतःचे केस चप्प बसत. त्यावरून अंथरुणात पडून असलेले एक निवृत्त हेडमास्तर त्यांना दर वेळी चिडवत. "आधी आरशात बघा, मग आम्हाला शिकवा!" हेडमास्तरांच्या डोक्यावर केस औषधापुरतेच उरले होते, पण भांग डावीकडेच हवा आणि सरळच हवा. खिडकीखाली उभी राहून मी ऐकत असे. कात्रीताई त्या मूठभर केसांवर अशा मन लावून काम करत, जणू उद्या हेडमास्तरांचं लग्नच आहे. आठवडाभर ज्यांच्याशी कुणी धड बोललेलं नसे, ती माणसं केस कापून होईपर्यंत खळखळून हसायला लागत. असं काम करणाऱ्या माणसाचा भार मी आनंदानं वाहिला.

आणि मग माझी घसरण सुरू झाली. घसरण म्हणजे खरोखरची.

आमचं घर तळमजल्यावर आहे आणि चोरीच्या भीतीनं सायकल दाराच्या आतल्या बोळकांडीत असते. त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर येतं. एकदा कात्रीताई घरी येऊन हसत म्हणाल्या, "आज वळणावर वाळू होती, घसरता घसरता वाचले बाई!" त्या आत गेल्या. यजमान पाना घेऊन बोळकांडीत आले, नट सैल केला, मला बोटभर खाली सरकवलं आणि नट पुन्हा आवळला. नंतर कधी कुत्रं मागे लागलं, कधी रिक्षानं कट मारला. प्रत्येक वेळी मी बोटभर खाली. कात्रीताईंना पत्ता लागला नाही. उलट दोन्ही तळवे जमिनीला टेकतात म्हणून त्यांना बरंच वाटत होतं. इतकी हळूहळू झालेली गोष्ट लक्षात येत नाही.

माझ्या मात्र लक्षात येत होती. सीट खाली गेली की पाय पूर्ण लांबत नाहीत, गुडघे सारखे दुमडलेलेच राहतात. पायांचा जोर पेडलला नीट मिळत नाही आणि सगळा भार माझ्यावर येतो. चढावर कात्रीताई धापा टाकू लागल्या. मग उजवा गुडघा दुखू लागला. मग दोन्ही. मला ओरडून सांगावंसं वाटे, "अहो, मला वर घ्या!" पण सीटला तोंड कुठे असतं? मी फार तर करकरते, आणि करकर ऐकून यजमान तेल घालत.

"वय झालं," शेजारी म्हणाले. "या वयात कुणी सायकल चालवतं का?" नातेवाईक म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि सांगितलं, "थोडे दिवस सायकल बंद. तरी दुखलं तर कायमची बंद." त्याप्रमाणे सायकल बंद झाली. दुखणं थांबलं. पुन्हा चालवून पाहिली, दुखणं हजर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. सगळा ठपका सायकलीवर आला आणि बोटभर खाली घेणारा पाना खुशाल खिशात राहिला.

कात्रीताई आता बसनं जाऊ लागल्या. निम्मी घरं सुटली. जुन्या सलूनच्या मालकिणीचा निरोप आला, परत या म्हणून. एका संध्याकाळी त्या बोळकांडीत स्टुलावर बसून चपला काढत होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "हेडमास्तरांच्या मुलानं दुसरा माणूस बोलावला होता. त्यांनी डोक्याला हातच लावू दिला नाही म्हणे." एवढं बोलून त्या रडल्या. यजमान जवळच उभे होते. मला त्यांचा राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तोही टिकला नाही.

सायकल गंजत ठेवण्यापेक्षा कुणीतरी वापरावी, म्हणून कात्रीताईंनी ती नणंदेला द्यायचं ठरवलं. नणंद यजमानांची मोठी बहीण, सगळे तिला अक्का म्हणत. उंच, खणखणीत आवाजाची, आणि रविवारी मैत्रिणींबरोबर लांब लांब सायकलवर फिरायला जाणारी. तिच्या पातळ टायरच्या सायकलला टोपली नव्हती, म्हणून बाजारहाटाला तिला ही हवी होती. ती आली, सायकल अंगणात नेली, माझ्यावर बसली आणि दोन पेडल मारून थांबली. तिचे गुडघे हँडलला लागत होते.

"अगं, ही सायकल आहे की लहान मुलाची तीनचाकी?" अक्का म्हणाली. "मी उंच आहे हे खरं, पण तू काय एवढीशी आहेस का? बस बरं तू."

कात्रीताई बसल्या. अक्कानं सायकल घट्ट धरली आणि त्यांना पेडल मारायला लावलं. मग वाकून त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिली.

"पाय कुठे सरळ होतोय तुझा? गुडघा दुखणार नाही तर काय! आमच्या ग्रुपात अर्ध्या जणींचं असंच झालं होतं, माझंही. कुणी केली ही सीट एवढी खाली?"

कात्रीताई म्हणाल्या, "आधीपासून अशीच आहे."

"नाही," यजमान म्हणाले. त्यांची मान खाली होती. "मी केली. तू घाबरून आलीस की थोडी थोडी खाली घेत गेलो. पाय टेकले की माणूस पडत नाही, असं मला वाटलं."

कात्रीताई माझ्यावरून खाली उतरल्या.

कात्रीताई सावकाश म्हणाल्या, "मी घाबरून नव्हते हो येत. मी गंमत सांगायचे. मला एकदा विचारायचं तरी!"

"चुकलंच माझं," यजमान म्हणाले. त्यांनी खिशातून पाना काढला आणि त्याच अंगणात, त्याच हातांनी मला वर घेतलं. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, एवढं अक्कानं सांगितलं. मी कितीतरी दिवसांनी वर आले. हवा वेगळी लागत होती.

पण आता कात्रीताईंचे तळवे जमिनीला टेकेनात, नुसती चवड्याची टोकं टेकत. "थांबताना सीटवर बसून राहायचं नाही, पुढे उतरायचं आणि मग पाय टेकायचा," अक्का समजावत होती. कात्रीताई निघाल्या. अंगणाला फेरी मारली. गुडघा दुखला नाही, आणि मला त्यांचा भार कितीतरी हलका वाटला. आनंदाच्या भरात थांबायची वेळ आली, तेव्हा त्या जुन्या सवयीनं बसूनच राहिल्या. पाय पुरला नाही. सायकल कलली, आणि त्या आडव्या झाल्या.

मित्रांनो, यजमान इतकी वर्षं ज्याला भीत होते, तेच त्यांच्या डोळ्यांसमोर झालं. ते धावले. बायकोचं कोपर खरचटलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला. माझ्या काळजात लक्कन झालं.

"सीट आहे तिथेच राहू द्या," कात्रीताई जमिनीवर बसूनच म्हणाल्या. "तुम्ही मला हात द्या."

त्यांनी हात दिला. त्या उठल्या, कपडे झटकले. मग यजमानांनी पाना खिशातून काढून बायकोच्या हातात ठेवला. "हा आता तुझ्याकडे असू दे," ते म्हणाले. कात्रीताईंनी तो पिशवीत कात्रीशेजारी ठेवला आणि दुसरी फेरी मारायला निघाल्या. यजमान जागच्या जागी उभे राहिले. मागे धावले नाहीत. पडून पुन्हा उठणाऱ्या बाईंचं मला कौतुक आहेच, पण त्या दिवशी जागचा न हललेल्या त्या माणसाचंही आहे.

आता आम्ही पुन्हा घरोघरी जातो. हळूहळू सुरुवात केली, डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. तुमच्याही घरी सायकल असेल. तिच्या टायरची हवा बघा, ब्रेक बघा, सीट झाकून ठेवा आणि आपल्या पायाच्या मापाची करून घ्या. आपल्या माणसाची काळजी जरूर करा, पण त्याच्या सीटला हात लावण्याआधी त्याला विचारा. आणि पडलाच तो कधी, तर हात द्या. सीट खाली घेऊ नका.