होकार देणारी तुळई

टक टक टक टक टक टक.

कानबुवांच्या काठीने छताच्या मधल्या तुळईवर भराभर ठोके मारले आणि माणसांनी ठासून भरलेल्या त्या खोलीने श्वास रोखला. बाहेर चपलांचा खच पडला होता. ज्यांना आत जागा मिळाली नव्हती त्यांनी खिडक्यांच्या काचांना नाके चिकटवली होती. भर दुपारी खोलीत शेगडी रसरसत होती, दारे-खिडक्या घट्ट बंद होत्या आणि सगळ्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. पण पंख्याचे नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

क्षणभर काहीच नाही. मग तुळईच्या पोटातून आवाज आला. बारीक, कोरडा, टेबलावर नख वाजवावे तसा.

टिक टिक टिक टिक टिक टिक.

"बोललं! घर बोललं!" मागून कुणीतरी ओरडले. एका म्हातारीने हात जोडले. तिच्या शेजारच्या माणसाने तिचे बघून जोडले, आणि त्याचे बघून बाकीच्यांनी.

"चूप!" बुवांनी काठी उंचावली. "भिंतीला कान असतात, हे तुमच्या आजीनंही सांगितलंय. पण कान आहेत तिथं तोंड नको का? ते शोधलं कुणी? या गरिबानं!" गरिबाच्या बोटांत अंगठ्यांना जागा उरली नव्हती. "घर माणूस ओळखतं. आवडला तर होकार देतं, नाही आवडला तर गप्प बसतं. दोनच पथ्यं पाळा. घर गारठू द्यायचं नाही, गारठलं की मुकं होतं. आणि घराला टोचायचं नाही! हे हल्लीचे तपासनीस येतात, लाकडाला टोचतात, भिंत खरवडतात, फरशी उचकटतात. अरे, मुलगी पाहायला गेल्यावर तिचे कुणी दात मोजतं का? एकदा रुसलेलं घर जन्मात बोलत नाही!"

गावातली जुनी घरे हल्ली अशीच विकली जात. दलाल गिऱ्हाईक आणी, बुवा होकार आणीत. शिंप्याने असाच होकार घेऊन घर घेतले होते. वर्षाच्या आत त्याच्या माळ्याचा कोपरा शिवणयंत्रासकट खाली आला. बुवा म्हणाले, "घरात भांडणं केलीत, घर रुसलं." शिंप्याने बायकोची माफी मागितली, बुवांकडे खुलासा मात्र मागितला नाही.

त्या दिवशी गर्दीत पुढे दोघी उभ्या होत्या, एक आई आणि तिची मुलगी. आईचे यजमान शहरातले जुने डॉक्टर. ते जाऊन चार-सहा महिने झाले होते. दवाखान्यावरच्या घरात आईला आता राहवत नव्हते. जिन्यात कुणी खोकले तरी ती दचकून उठे. "आपण दोघं खेड्यात राहू, अंगणात खुर्च्या टाकून बसू," असे डॉक्टर आयुष्यभर म्हणत आले होते. दोघांतले एक माणूस उरले होते, आणि आता राहते घर विकून त्या पैशांत हे घर घ्यायचे होते. हे चुकले असते तर परतायला दुसरे दार नव्हते.

मुलगी ग्रंथपाल होती. असल्या बुवांचे पितळ उघडे पाडणारी पुस्तके तिने स्वतःच्या हातांनी कपाटात लावली होती, वाचलीही होती. घर घ्यायचे ठरताच तिने पहिले काम केले ते तपासणीसाठी एक बाई ठरवण्याचे. या बाईंच्या खिशात लाकूड टोचून पाहायचा टोच्या कायम असे, म्हणून सगळे त्यांना टोच्याबाई म्हणत. दलाल हसला होता. "तपासणी करालच हो, पण आधी घराला तर विचारा. गंमत म्हणून या." मायलेकी गंमत म्हणून आल्या होत्या.

"माई," बुवांचा आवाज एकदम मऊ झाला, "गेलेल्या माणसाची ओढ घराला कळते. डॉक्टर दार कसं वाजवायचे?"

आईऐवजी मुलीचाच हात वर गेला.

डॉक्टर किल्ली विसरत. रोज विसरत. आणि दार वाजवत ते मधले बोट वाकवून, हलके, भराभर. रोग्याची छाती ठोकून पाहायची सवय हातात मुरलेली. मुलीने बुटक्या स्टुलावर चढून तुळईवर तसेच बोट वाजवले.

तुळईने तसेच उत्तर दिले.

मुलगी रडली. बाबा गेल्यापासून तिच्या डोळ्यांत एकदाही पाणी आले नव्हते. लोक म्हणत, धीराची आहे. तिला वाटे, आपण दगड झालो आहोत. ती आता भर गर्दीत, स्टुलावर उभ्या उभ्या, नाक पुसायचेही भान न ठेवता रडली. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बुवांनी डोळे मिटले. दलालाने मात्र उघडे ठेवले.

पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. लहानपणी बाबांनी तिला ठोकून ऐकायला शिकवले होते. टेबलावर, भोपळ्यावर, तिच्याच बरगड्यांवर. "भरीव वाजलं तर भरीव, पोकळ वाजलं तर पोकळ. वस्तू खोटं बोलत नाही गं. खोटं बोलतो तो आपला कान, त्याला जे हवं असतं तेच ऐकून." तुळईवर बोट पडले तेव्हाच बोटाला कळले होते. एवढी जाडजूड तुळई, पण रिकाम्या डब्यासारखी वाजली होती. तिला ते ऐकू आले होते. ऐकू येऊनही तिने ते बाजूला सारले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टोच्याबाईंना फोन केला.

"तपासणी रद्द करायची होती."

"करा की. दुसरं घर पाहिलंत?"

"नाही, हेच घेतोय. उद्या सह्या आहेत."

"मग रद्द कशाला?"

खोटे कारण सांगता आले असते. पण खोटे बोलायलाही सवय असावी लागते. "तिथं एक गृहस्थ आहेत. ते विचारतात, आणि... घर होकार देतं."

आता ह्या हसणार, असे तिला वाटले. तिचे कान तापले.

"कुठून?" टोच्याबाईंनी विचारले.

"काय कुठून?"

"होकार हो. भिंतीतून येतो, जमिनीतून, का लाकडातून?"

"मधल्या तुळईतून."

"भराभर ठोके मारले तरच? आणि खोली गरम असली तरच?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, तुमचं घर बोलत नाहीये, ते खाल्लं जातंय! सही करू नका. मी येते."

सह्यांच्या दिवशी गर्दी दुप्पट होती. नव्या मालकिणीला घर काय म्हणते ते सगळ्यांना ऐकायचे होते. टोच्याबाई आल्या त्या हातात नुसती पेन्सिल घेऊन. चणीने लहान, आवाजाने नाही.

दलाल आडवा आला. "बाई, इथं टोचायचं नाही हं!"

"मी कुठं टोचतेय? मी घराशी दोन शब्द बोलायला आले. इथं सगळ्यांना मुभा आहे ना? का घरानं माझ्यापुरतं मौन धरलंय?"

लोक हसले. आता अडवणे बरे दिसले नसते. टोच्याबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी पेन्सिलीने तुळईवर भराभर ठोके मारले.

"घरा, तू बैलगाडी आहेस का?"

टिक टिक टिक टिक टिक.

खोलीत चुळबूळ झाली.

"बरं. उद्या सूर्य पश्चिमेला उगवेल?"

टिक टिक टिक टिक टिक.

"आणि हे कानबुवा ढोंगी आहेत का रे?"

ठोके मारून त्यांची पेन्सिल थांबते न थांबते तोच तुळई उत्तरली, आणि खिडकीबाहेरची पोरे खो खो हसत सुटली.

"ही घराची विटंबना आहे!" बुवा गरजले. "घर संतापलंय! ते तुम्हाला उलटसुलट सांगतंय!"

"मग तुम्ही विचारा. पण काठी उलटी धरून. त्या टोकाला चामडं गुंडाळलंय ना, त्यानं."

बुवांनी काठी पाठीमागे लपवली. गर्दीतून शिंपी पुढे झाला आणि त्याने ती शांतपणे काढून घेतली. एका टोकाला लोखंडी टोपी, दुसऱ्या टोकाला मऊ चामडे. त्याने चामड्याच्या टोकाने ठोकले, तुळई गप्प. लोखंडी टोकाने ठोकले, तुळई बोलली. त्याने पुन्हा दोन्ही करून पाहिले. मग काठीकडे बघत म्हणाला, "म्हणजे मागच्या खेपेला त्या गवंड्याला घर नाही म्हणालं, ते..."

"तो लाकूड टोचून बघतो म्हणाला होता ना?" म्हातारी पुटपुटली.

टोच्याबाईंनी खिशातून टोच्या काढला.

"मालकांची परवानगी लागेल!" दलाल ओरडला.

"टोचा हो," शिंपी म्हणाला. "असंच घर माझ्या डोक्यावर पडलंय. माझी परवानगी आहे."

पण बाईंनी टोच्या मुलीपुढे धरला. "घर तुम्ही घेताय. तुम्हीच टोचा. तुळई भिंतीत शिरते ना, तिथं ओल आहे बघा. तिथं."

मुलीने टोच्या टेकवला. जोर लावावाच लागला नाही. लोण्यात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढताच भुशाची बारीक धार तिच्या मनगटावरून खाली सांडली आणि भुशाबरोबर एक किडा पडला. तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. टोच्याबाईंनी तो अलगद पत्र्याच्या डबीत घेतला, डबी शेगडीजवळ टेबलावर ठेवली आणि डबीच्या कडेला पेन्सिलीने भराभर ठोकले.

किड्याने पाय रोवले आणि डोके पत्र्यावर आपटले. टिक टिक टिक टिक टिक.

एकेक जण वाकून पाहू लागला.

"लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे हा," टोच्याबाई म्हणाल्या. "ओलसर, कुजलेलं लाकूड याला फार आवडतं. नर डोकं आपटून मादीला हाक मारतो, मादी तशीच ओ देते. आपण त्याच तालात ठोकलं की त्याला वाटतं, आली बाई! उबेत तो तरतरीत असतो, गारठ्यात निपचित. म्हणून भर दुपारी ही शेगडी. घरानं कुणालाच होकार दिलेला नाही. एका किड्यानं काठीला लग्नाचं विचारलं, इतकंच. आणि ज्या तुळईत उत्तर द्यायला एवढी वस्ती आहे, तिच्या खाली झोपायचं नसतं."

बुवा दाराकडे सरकत होते. दोघे त्यांच्या अंगावर धावले, तेव्हा टोच्याबाईच आडव्या आल्या. "हात लावू नका. उद्या सांगेल, घरासाठी मार खाल्ला, आणि पुढच्या गावात याचीच गर्दी होईल. त्यापेक्षा आपापल्या तुळया टोचून बघा."

गर्दी पांगली ती येताना होती तशी नव्हे. एकमेकांकडे न बघता माणसे चपला शोधत होती. म्हातारी कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाली, "मी तर हात जोडले होते."

मायलेकी अंगणातल्या दगडावर बसल्या. मुलीच्या मनगटावर अजून भुसा होता.

"आई, मला तेव्हाच कळलं होतं. बोट टेकवल्या टेकवल्या. पोकळ वाजत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा वाटले."

आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी तुला इतकी भोळी वाटले? हे कधी नुसतं दार वाजवायचे का? आधी किल्ली विसरली म्हणून स्वतःला शिव्या घालायचे, मग वाजवायचे, मग पुन्हा शिव्या. ती तुळई एका शब्दानं चरफडली नाही."

"मग तू का गप्प बसलीस?"

"तू रडलीस ना. हे गेल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, पोरीला बरं वाटतंय तर घेऊ घर." ती थांबली. "म्हातारपणी डोक्यावर पडलं असतं, तर निस्तरायला तूच असतीस. तेवढाही विचार केला नाही मी."

मुलीला मान वर करता आली नाही. नुसत्या बुवाने फसवले असते तर राग तरी आला असता. इथे एकीचा कान खोटे बोलला होता, दुसरीची जीभ, आणि दोघींनी ते मायेपोटीच केले होते. ज्या माणसाने जन्मभर ठोकून खरे काय ते ऐकले, त्याच्याच नावाने.

पुढे त्यांनी दुसरे घर पाहिले. या वेळी बोलणी होण्याआधी टोच्याबाई आल्या. माळ्यावर रांगल्या, कौले हलवून पाहिली, भिंतींची ओल मोजली, पायाजवळ उकरले, गटाराचे झाकण उघडून तोंड वाकडे केले. दोष खूप निघाले. न्हाणीची भिंत ओली, जिन्याच्या दोन पायऱ्या सडलेल्या, धुराडे वाकडे. आई अहवाल मोठ्याने वाचताना म्हणाली, "ह्यांच्या तब्येतीसारखंच आहे की! पण निदान कागदावर तरी आलं." दोष माहीत झाले म्हणून भाव उतरवता आला, दुरुस्ती करता आली, आणि त्यांनी ते घर डोळे उघडे ठेवून घेतले.

जुने घर घेणाऱ्याला एवढेच सांगायचे आहे. तुम्ही दुःखात असाल, घाईत असाल, पाहताक्षणी प्रेमात पडला असाल, तर तपासणी आधी करा. कारण नेमके तेव्हाच आपल्या कानावर विश्वास ठेवता येत नाही. जो म्हणतो टोचू नका, विचारू नका, उकरू नका, त्याचे घर असो, देव असो की औषध, तिथेच आधी टोचा. खरे असेल त्याला टोच्याची भीती नसते.

सामान लागले त्या संध्याकाळी आई अंगणात खुर्च्या टाकत होती. घरात एकटी असताना मुलगी भिंतीपाशी गेली. मधले बोट वाकवून तिने हलके, भराभर ठोके मारले आणि कान लावून उभी राहिली.

उत्तर आले नाही. भिंत भरीव होती.