सात कोश

“हिरवे की तपकिरी?” फोनवर आत्यानं विचारलं.

भोंगाच्या हातात डबा होता. झाकणाला सुईनं भोकं पाडलेला, खाऊच्या डब्याएवढा पारदर्शक डबा. तो रिकामा होता. साबणानं धुतलेला, पुसलेला, उन्हात वाळवलेला. इतका स्वच्छ, की त्यात कधी काही जिवंत होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

“चार हिरवे, तीन तपकिरी,” भोंगा म्हणाली.

“म्हणजे तिघी काटकीवर चढल्या वाटतं. बरोबर. हिरव्या देठावर बसली की कोश हिरवा होतो, वाळक्या काटकीवर बसली की तपकिरी. लबाड असतात गं. आणि कमरेचा दोरा? दिसतोय?”

“दिसतोय ना! इतका बारीक, आत्या, की तुझ्या साठ नंबरच्या दोऱ्यानंसुद्धा लाजून मान खाली घालावी.”

पलीकडे आत्या हसली. तिच्यामागे आणखी चार-पाच बायका हसल्या.

“स्पीकरवर ठेवलाय फोन,” आत्या म्हणाली. “इथे वॉर्डात आम्ही सहा जणी. सगळ्यांच्या एकेका डोळ्याला पट्टी. करायचं काय दिवसभर? तू सांगतेस ते ऐकतो. उद्याही सहालाच कर हं.”

खोट्यालाही नशीब लागतं म्हणतात. भोंगाचं नशीब त्या दिवशी जोरावर होतं.

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण जन्मल्यावर तिनं जो पहिला टाहो फोडला, तो ऐकून आत्या म्हणाली होती, “मुलगी कसली, भोंगा आहे हा!” आणि तेच चिकटलं. पंधरा वर्षांत तिनं त्या नावाला कधी बट्टा लागू दिला नाही. सकाळी डोळे उघडण्याआधी तोंड उघडायची. बाबा म्हणायचे, “हिला पोटात घास नसलेला चालतो, पण तोंडातला शब्द पोटात राहिलेला चालत नाही.”

आत्या नेमकी उलटी. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी मशीन टाकून ती तीस वर्षं बसलेली. नवं काही शिवायची नाही. लोकांचं जुनं दुरुस्त करायची. चेन बदलायची, कोपर फाटलेलं जोडायची, आणि शाळेच्या गणवेशांची दुमड उसवून लांबी वाढवायची. साऱ्या वस्तीतली पोरं तिच्या हाताखालून इंचाइंचानं वाढली होती. “तुझी उंची मला तुझ्या आईच्या आधी कळते,” असं ती गिऱ्हाइकांच्या मुलांना सांगायची. तिच्या बोलण्याची मजल एवढीच.

मशीनशेजारी, गॅलरीच्या कठड्याला टेकून एक लिंबाचं झाड होतं, अर्ध्या कापलेल्या पिंपात. बारा वर्षांत त्याला मोजून नऊ लिंबं लागली होती. पण ते झाड लिंबांसाठी नव्हतंच. त्याच्या कोवळ्या पानांवर एक काळं-पिवळं फुलपाखरू येऊन अंडी घालायचं, खसखशीच्या दाण्याएवढी. आत्या ती पानासकट डब्यात ठेवायची, म्हणजे मुंग्या आणि चिमण्यांच्या तोंडी पडत नसत. मग त्यातून अळ्या निघायच्या. आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या ओंगळ, पुढे हिरव्यागार, गुबगुबीत. डिवचलं की डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढायच्या आणि सडक्या लिंबाचा वास सोडायच्या.

“किडे पाळतेस, त्यापेक्षा कोंबड्या पाळ,” बाबा दर वेळी म्हणायचे. “अंडी निदान खाता तरी येतील.”

“कोंबडी उडून जाते का?” आत्या विचारायची.

“नाही.”

“मग काय मजा?”

फुलपाखरू उडून गेलं की कोशाचं टरफल मागे उरतं. कागदाहून हलकं, पाठीला चीर पडलेलं. ते आत्या जपून काढायची आणि बटणांच्या मोठ्या बरणीत टाकायची. बरणीत खाली बटणं, वर टरफलं. बारा वर्षांची.

पण गेली दोन वर्षं आत्याला सगळं साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज शाळेला जाण्यापूर्वी भोंगा तिला दहा सुया ओवून द्यायची. पाच पांढऱ्या, तीन निळ्या, दोन काळ्या. सुयांच्या छोट्या गादीवर ओळीनं टोचून. फुलपाखरू निघालं की आत्या विचारायची, “पिवळं आहे ना गं? मला आपलं मळकं दिसतंय.”

शेवटी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दवाखाना दुसऱ्या गावी. लांबच्या पेशंटना तिथेच दहा-बारा दिवस ठेवून घ्यायचे. आणि नेमक्या त्याच वेळी डब्यात सात अळ्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी आत्या बोटांवर मोजत बसली होती. “तीन-चार दिवसांत कोशात जातील. कोशात आठ-नऊ दिवस. म्हणजे मी येईन त्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी निघतील.” मग जरा लाजून म्हणाली, “नव्या डोळ्यानं पहिल्यांदा तेच बघायचं ठरवलंय मी. हसू नकोस.”

भोंगा हसली नाही, कारण तिचं लक्षच नव्हतं. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि ती हातात कंगवा धरून आरशासमोर उभी होती.

“इकडे बघ. पानं आपल्याच झाडाची घाल. आता तीन-चार दिवस बकासुरासारख्या खातील. कमी पडली तर शाळेच्या रखवालदाराच्या दारात लिंबाचं झाड आहे, त्याची आण. मी बोललेय त्याच्याशी. आणि नर्सरीतलं रोप मात्र—”

“हो हो, कळलं! आपलं झाड, रखवालदार, नर्सरीतलं रोप. पाठ झालं माझं! आता तू ऐक ना, आत्या, माझं शेवटचं वाक्य ऐक. इथे आवाज चढवू की उतरवू?”

आत्यानं तोंड मिटलं आणि शेवटचं वाक्य ऐकलं. “चढव,” म्हणाली. “तुला चढवलेलाच शोभतो.”

तिचं स्वतःचं वाक्य अर्धंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी झाडाचा खराटा झाला होता. पान म्हणून उरलं नव्हतं. आणि त्याच दिवशी भोंगाला पहिला नंबर मिळाला! सभागृहात टाळ्या थांबता थांबेनात. मुख्याध्यापिकाबाईंनी पाठीवर थाप मारली, बक्षिसाचं पाकीट दिलं. शाळा सुटल्यावर भोंगाचे पाय जमिनीवर नव्हते. रखवालदाराकडून चार पानं मागायची? आज? छे! आज तिला मोठं काहीतरी करायचं होतं. रस्त्यात नर्सरी लागली. दारातच लिंबाचं रोप होतं, कमरेएवढं, पानं तेल चोपडल्यासारखी चकचकीत. आत्यानं यादीत नर्सरीतलं रोप सांगितलंच होतं की! बक्षिसाचे सगळे पैसे देऊन तिनं ते घेतलं आणि तीन जिने छातीशी कवटाळून चढली.

“आत्या आली की चाटच पडेल,” ती बाबांना म्हणाली.

सगळ्यांत कोवळ्या पानांची एक डहाळी तिनं डब्यात ठेवली. साती जणी तुटून पडल्या. भोंगा गालावर हात ठेवून बघत बसली. तिला वाटलं, आपण किती चांगल्या आहोत.

सकाळी डब्यात कुणीच खात नव्हतं. दोघी देठाला उलट्या लोंबत होत्या, ओल्या चिंधीसारख्या. बाकीच्या तळाशी हिरव्या पाण्यात पडल्या होत्या. तिनं एकीला बोट लावलं. शिंगं बाहेर आली नाहीत. वासही आला नाही.

शाळा बुडवून ती नर्सरीत गेली. माळीकाका झारीनं पाणी घालत होते.

“रोपाला काय लावता तुम्ही?”

“का, कीड पडली? शक्यच नाही!” काका अभिमानानं म्हणाले. “वरून फवारतो, मुळाशीही औषध टाकतो. दोन महिने एका अळीची टाप नाही त्या पानाला तोंड लावायची.”

भोंगानं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

साती जणींना तिनं जुन्या झाडाच्या पिंपात पुरलं, चमच्यानं माती उकरून. सांगायचं तिनं खरोखर ठरवलं होतं. पण संध्याकाळी सहाला फोन आला, आत्याचा आवाज बारीक, दमलेला होता. “आजच झालं ऑपरेशन. दुखतंय जरा. ते राहू दे. त्या कशा आहेत?” आणि भोंगाच्या तोंडून निघून गेलं, “मजेत!”

त्यानंतर रोज सहाला ती गोष्ट वाढत गेली. एकीनं कात टाकली. दुसरी रुसून झाकणाला जाऊन बसली. एक कोश देठावरून निसटला, तर भोंगानं त्याला दोऱ्याचा फास करून पुन्हा उभा बांधला. “अगदी तू बांधतेस तसा, आत्या!” पलीकडे बायका “अगंबाई” म्हणायच्या. एकीनं तर विचारलं, “त्या रुसलेलीचं काय झालं गं पुढे?” भोंगाला सांगता येत होतं. तीच तर पंचाईत होती. फोन ठेवला की ती त्या धुतलेल्या डब्यात बघायची आणि तिला स्वतःचा आवाज नकोसा व्हायचा.

बाबांना सगळं ठाऊक होतं. “तू सांगतेस की मी सांगू?” त्यांनी दोनदा विचारलं.

“मीच सांगते. आल्यावर. समोरासमोर.”

आत्या आली ती काळा चष्मा लावून. पिशवी दारातच टाकून सरळ खिडकीशी गेली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“कुठेत?”

भोंगानं रात्रभर घोकलेलं खरं वाक्य ओठांवर आणलं. पण आत्याचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

“गेली,” भोंगा म्हणाली. “काल सकाळीच. थांबेचनात गं! मी म्हटलंसुद्धा, एक दिवस थांबा, आत्या येतेय...”

“सगळी? एकाच दिवशी?”

“सगळी.”

“असं होत नाही सहसा,” आत्या हळूच म्हणाली. मग मान हलवली. “बरं झालं. माझ्यासाठी कशाला खोळंबतील? त्यांचं आयुष्य ते केवढं.” तिनं बटणांची बरणी पुढे ओढली, झाकण काढलं. “टरफलं दे.”

“टाकून दिली,” भोंगा म्हणाली. आणि त्याच दमात, “म्हणजे, वाऱ्यानं उडाली.”

आत्या झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. मग ते बरणीवर ठेवलं आणि दोनदा फिरवून घट्ट बसवलं.

“आणि हे?” तिनं नव्या रोपाकडे बोट केलं.

“तुझ्यासाठी. बक्षिसाच्या पैशांतून.”

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. उजव्या डोळ्याजवळ एकेक पान नेऊन पाहिलं. पानांच्या टोकांशी पांढरट डाग सुकलेले होते. साऱ्या रोपावर एका पानालाही भोक नव्हतं. फक्त शेंड्याशी एक डहाळी कात्रीनं कापलेली होती. त्या जागेवर आत्यानं अंगठा ठेवला, शिंपी शिवण तपासतो तसा.

“कधी आणलंस?”

“तू गेलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी.”

“पहिला नंबर आला, त्या दिवशी.”

“हो.”

आत्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा सवयीनं सुया ओवायला बसली. आत्यानं तिच्या हातातून दोऱ्याचं रीळ काढून घेतलं. “राहू दे. आता दिसतंय मला.” पहिल्याच खेपेला सुई ओवली तिनं. भोंगा रिकाम्या हातांनी तिथेच बसून राहिली. दहा सुयांना लागायचा तेवढा वेळ कुठे घालवायचा, तिला कळेना.

बाबांनी रोप कचऱ्यात द्यायचं काढलं. आत्या म्हणाली, “त्याचा काय दोष? दोन महिन्यांत उतरेल औषध. आणि पोरीचं पहिलं बक्षीस आहे ते.” रोज ती त्याची पानं ओल्या फडक्यानं पुसायची.

रविवारी दुपारी भोंगा गॅलरीत अभ्यास करत होती. जुन्या झाडाला अजून नुसते लालसर कोंब फुटत होते. एवढ्यात कठड्यावरून एक काळं-पिवळं फुलपाखरू आत आलं. खराट्याभोवती एक फेरी मारून ते नव्या रोपाच्या शेंड्यावर गेलं, पंख फडफडत ठेवून पायांनी पान चाचपलं, आणि शेपटीकडची बाजू वळवली.

“आत्या!” भोंगा किंचाळली. सगळं विसरली ती त्या क्षणी. “आत्या, धाव! आलीय! अंडी घालतेय!”

आत्या धावली. पण धावता धावता तिनं मशीनवरची निळ्या गणवेशाची चिंधी उचलली होती. “शुक्! शुक्! इथे नाही गं बाई, इथे नाही!” आणि ती चिंधी हलवत तिनं फुलपाखराला हाकललं.

फुलपाखरू वर उडालं, कठड्यापलीकडे गेलं. आत्यानं चष्मा काढला आणि त्याच्यामागे बघत राहिली. पंखांवरचे ठिपके, शेवटी तो एक लाल डाग.

“आत्या,” भोंगा म्हणाली. आवाज चढलाच नाही. “त्या साती जणी...”

“पिंपात आहेत. माहितीये. त्या कडेची माती बसलीय जरा.”

भोंगाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्यानं तिच्याकडे बघितलं नाही, बाहेरच बघत राहिली.

“केवढं पिवळं असतं गं,” ती म्हणाली. “मी उगाच मळकं म्हणायचे.”

फुलपाखरू वळून पुन्हा रोपाकडे येत होतं. आत्यानं डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून एक हात आडवा धरला, आणि दुसऱ्या हातातली निळी चिंधी परत वर उचलली.